तुमच्या मापाची चूल

लोक अजून येतायत. दुकानाच्या दोनच फळ्या काढलेल्या असतात, त्यांतून अंग चोरून आत येतात, घोंगडीवर टेकतात, "विश्वनाथ अप्पा शिवैक्य झाले, चांगला माणूस गेला" एवढं म्हणतात आणि गप्प होतात. मग मीच विचारायला लागते. तुमच्याशी त्यांचं शेवटचं बोलणं काय झालं, कुठं झालं, तेव्हा तुम्ही हसत होतात की कपाळाला आठ्या होत्या. माणसं चपापतात. बाहेर जाऊन म्हणत असतील, बाईनं रडायचं सोडून चौकशा लावल्यात. म्हणू देत. तुमच्यासारख्या चौकस माणसाबरोबर संसार केला, वाण नाही पण गुण लागणारच.

"चांगला माणूस" हे मात्र मला पुरत नाही. चांगला माणूस सगळ्यांच्याच घरातून जातो. आपल्या घरातून कोण गेलं ते मला विचारा. गिऱ्हाइकाला गूळ तोलून देता देता तो कुठल्या गावचा, तिथं उसाला पाणी कुठून आणतात, चुलवाण कुणाचं, हे विचारत बसणारा माणूस गेला. जिनिंगचा पट्टा तुटला असं कळलं की दुकान उघडं टाकून बघायला पळणारा माणूस गेला. भिंतीवरचं घड्याळ मागं पडतं म्हणून ते खोललंत, पुन्हा जोडलंत आणि एक चाक हातात उरलं. ते चाक अजून माझ्या हळदीच्या डब्यात आहे आणि घड्याळ त्याच्यावाचून चालतंय. कसं चालतंय हे तुम्हालाही शेवटपर्यंत उमगलं नाही.

आणि माझ्या एकाच प्रश्नाला कधी उत्तर न देणारा माणूस गेला. सगळं जग तुम्ही उकलून बघितलंत, पण मी ते विचारलं की तुम्हाला हमखास दुकानात कुणीतरी आल्यासारखं वाटायचं. ते भांडण अर्धं टाकून तुम्ही निघून गेलात. अर्धं टाकायची मला सवय नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत. म्हणून लिहायला बसले. वडील शाळामास्तर होते, त्यांनी लिहायला शिकवलं, ते असं कामी येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

तर प्रश्न असा, की मी हैदराबादहून जिवंत परत येईन असं तुम्हाला वाटत होतं की नव्हतं?

माझ्या पोटात गाठ आहे हे आधी सुईणीला कळलं, मग वैद्यांना, आणि सगळ्यांत शेवटी मला पटलं. शिवूच्या पाठीवर पुन्हा दिवस गेले असं मी धरून चालले होते. परभणीच्या डॉक्टरनं पोट दाबून बघितलं आणि हैदराबादला न्या, कापावं लागेल, असं सांगितलं. सेलूत तेव्हा पोट कापून घेऊन परत आलेलं माणूस कुणी बघितलं नव्हतं. गेलेली मात्र ऐकून माहीत होती. त्या दिवशी परभणीच्या स्टेशनात गाडीची वाट बघताना मी तोंडाला पदर लावून बसले होते आणि तुम्ही डॉक्टरला विचारायचं राहून गेलेलं मलाच विचारत होतात. गाठ कडक लागते की मऊ? सरकते का? मला इतका संताप आला होता की भीती वाटायची तेवढा वेळ राहून गेली. तुम्ही मुद्दामच तसं केलंत का? हेही विचारायचं राहिलं.

हैदराबादेत माझा भाऊ कचेरीत कारकून होता, म्हणून सोय झाली. आई माझ्याजवळ राहायला आली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली आणि अंगात रक्त नाही, आधी खाऊन पिऊन रक्त होऊ दे, मगच कापीन असं सांगितलं. म्हणजे काही आठवडे नुसतं पडून राहायचं. तुम्ही कमलला आणि शिवूला आपल्या गावी, चुडाव्याला, थोरल्या वन्संकडं ठेवलं होतं. दुकान बंद ठेवून चालणार नव्हतं. ऑपरेशनच्या दिवशी येतो म्हणून तुम्ही गाडीत बसलात. त्या दिवसांत सेलूच्या घरात तुम्ही एकटे होतात. तिथं काय करत होतात हे मला कधी धड कळलं नाही, आणि सगळ्या भांडणाचं मूळ तिथं आहे.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र आलात, आणि बरं झालं आलात. नर्सबाईनं बांगड्या काढायला लावल्या, मंगळसूत्र काढायला लावलं, ते सगळं मी मुकाट्यानं आईच्या हातात दिलं. मग तिनं गळ्यातल्या लिंगाच्या डबीला हात घातला आणि मी खाटेवरून खाली उतरले. लिंगायताच्या घरात जन्मल्यापासून अंगावर असलेलं लिंग. ते उतरवून मरायचं असेल तर मी घरी जाऊन मरते म्हणाले. नर्स म्हणे गळ्याशी काही चालणार नाही, आई रडायला लागली, भाऊ मला समजावायला लागला. तुम्ही तेवढा वेळ कुणाकडंच बघत नव्हता. व्हरांड्यात एक बाई बसली होती, तिच्याकडं टक लावून बघत होता. मला वाटलं, या माणसाला हीच वेळ सापडली का. मग तुम्ही नर्सला आपल्या दुकानातल्या दखनीत म्हणालात, "अम्मा, गले में नक्को, बालों में बांधे तो?"

त्या बाईनं अंबाड्यात पेटीची किल्ली खोचली होती, ती तुम्हाला दिसली होती. डॉक्टरीणबाई आल्या, हसल्या, फडकं उकळून घ्या म्हणाल्या. उकळलेल्या फडक्यात लिंग बांधून माझ्या अंबाड्यात घट्ट बसवलं आणि मी गेले. शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा हात डोक्याकडं गेला. मग तुमचा आवाज कानावर आला. कसं वाटतंय असं कुठलाही नवरा विचारील. तुम्ही विचारलंत, "क्लोरोफॉर्मात काय दिसलं गं?" काहीच दिसलं नाही म्हटल्यावर तुमचं तोंड एवढंसं झालं. नुसता अंधार होता का, की तोही नव्हता, असं कितीतरी दिवस विचारत होतात. आता मी तुम्हाला तेच विचारलं तर? सांगा की.

मग तुम्ही चुडाव्याहून मुलांना घेऊन पुन्हा सेलूला, दुकानाकडं. टाके निघाले, मी भिंत धरून चालायला लागले, आणि एक दिवस भावानं मला गाडीत निजवून घरी आणलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की पुष्कळ दिवस खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, घागर उचलायची नाही, जात्याला हात लावायचा नाही. मी त्यांना विचारलं होतं की मग बाईनं घरात करायचं तरी काय? आपला सगळा संसार जमिनीवर. चूल जमिनीवर, जातं जमिनीवर, पाटा जमिनीवर, पूजा पाटावर मांडी घालून. उभ्यानं करायचं असं घरात एकच काम, ते म्हणजे पुरुषांनी बाहेर जायचं.

दारात आले तर उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी मातीचा उतार. उंबरा फोडायचं तुमच्या मनात होतं, शेजारच्या गिरजाकाकूंनी फोडू दिला नाही, म्हणून तो तसाच ठेवून पाय न उचलता पलीकडं जाता येईल असं केलं होतंत. बाजेच्या पायांखाली विटा. पाण्याचा रांजण दगडी जोत्यावर चढवलेला. बाजेवर माळवदाच्या तुळईतून एक दोर सोडलेला, तो धरून उठायचं. उशाशी दुसरी बारीक दोरी, ती भिंतीतल्या भोकातून थेट दुकानात गेलेली आणि तिकडच्या टोकाला बैलाच्या गळ्यात वाजते ती घाट. मला काही लागलं की ओढायची. कमल टाळ्या वाजवत मला सगळं दाखवत होती. माझ्या सगळ्या बाळंतपणांत मिळून माझी एवढी बडदास्त कुणी ठेवली नव्हती.

मी बाजेवर आडवी झाले आणि दोर धरायला हात वर केला. दोर हाताला येईना. मी बोटं ताणली, तरी येईना. तुम्ही उंचेपुरे, तुमच्या खांद्याखालून मी दारातून ये-जा करते असं वन्सं चिडवायच्या. दोर तुमच्या हाताच्या लांबीनं सोडलेला. मग रांजण बघितला, त्याचं तोंड माझ्या हनुवटीशी. बाज इतकी उंच की उतरताना पाय लोंबकळायचे. मला हसू फुटलं आणि टाक्यांच्या जागी अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं. तुम्हाला कळेना की मी हसतेय की रडतेय. तुम्ही बाजूला उभं राहून दोराकडं आणि माझ्या हाताकडं आळीपाळीनं बघत होतात. गणित कुठं चुकलं ते शोधत असल्यासारखा तुमचा चेहरा झाला होता.

तोवर सगळी गंमत होती. मग मी स्वयंपाकघरात गेले.

सवण्याखाली, जिथून धूर वर जातो तिथं, तुम्ही दगडमातीचा ओटा घातला होता आणि ओट्यावर चूल मांडली होती. वैलासकट, सारवलेली, रेघ न रेघ नीट. उभ्यानं स्वयंपाक करायची चूल सेलूत कुणाकडं नव्हती. पुढं ती बघायला बायका येत, तोंडाला पदर लावून हसत आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगत. पण त्या दिवशी मी तिच्यापुढं उभी राहिले तर तवा माझ्या छातीशी येत होता. आणि ओटा वाळून खडखडीत झाला होता. नखानं खरवडला, माती सुटेना. कालपरवाचा नव्हता तो. मी टेबलावर पडण्याच्या कितीतरी आधीचा होता.

"ही कुणाच्या मापाची केली?" मी विचारलं.

"तुझ्यासाठीच की. तुला खाली बसायचं न्हाई ना."

"माझ्या मापाची न्हाई ही. तुमच्या मापाची हाय. आन् लय आधीची हाय. मी माघारी येत न्हाई असं धरून बसला होता तुमी."

तुम्ही चुलीकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत, आणि दुकानात कुणीतरी आलंय म्हणून निघून गेलात. दुकानात कुणी नव्हतं. मी कान देऊन ऐकलं.

खरं सांगते, मला तेव्हा काय हवं होतं? एक शब्द हवा होता. "तू येणारच होतीस, मला ठाऊक होतं," एवढं. खोटं असलं तरी चाललं असतं. महिनाभर मी दवाखान्यात छताकडं बघत पडले होते ते याच भरवशावर, की इथं मला कितीही भीती वाटो, सेलूत एक माणूस पक्कं धरून बसलंय की ही येणार. आणि घरी येऊन बघते तर त्या माणसानं माझ्यावाचून चालेल अशी चूल मांडलेली. बाई चिडणार नाही तर काय करेल?

आईला फार दिवस राहता येईना. ती गेल्यावर कितीतरी दिवस तुम्हीच रांधलंत. पहाटे दुकान उघडायच्या आधी त्या ओट्यापुढं उभे राहून भाकऱ्या थापायचात. धोतराचा काचा मारलेला, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि त्याच्यावर पीठ. भाकरी गोल नसायची, पण फुगायची. कुठं शिकलात विचारलं तर म्हणालात, बघून बघून. पूजेचं अडलं तर मठात जाऊन स्वामींना विचारून आलात. हातावर लिंग आहे ना, मग बाई पाटावर बसली काय आणि बाजेवर बसली काय, असं स्वामी म्हणाले. मग माझ्या उशाशी विभूती, बेल आणि पाणी ठेवून तुम्ही दुकानात जायचात. मी पूजा करायची आणि मग घाट वाजवायची. कधी पाणी हवं म्हणून, कधी काहीच नको म्हणून. गिऱ्हाइकं हसायची. "अप्पा, बैल सुटला बघा," म्हणायची. तुम्ही तराजू तसाच टाकून यायचात. रागावला नाहीत. फक्त मी घाट किती जोरानं ओढते त्यावरून माझ्या पोटात बळ किती आलं ते तुम्हाला कळतं, असं एकदा म्हणालात.

एवढं सगळं केलंत आणि तरीही मी ते भांडण सोडलं नाही. मी हिंडायफिरायला लागले तेव्हा तुम्ही म्हणालात, ओटा पाडतो, पहिल्यासारखी खाली चूल मांडून देतो. मी नको म्हणाले. मग ओटा ठोकून थोडा ठेंगणा करतो म्हणालात. तेही नको. मी दुकानातली साबणाची रिकामी पेटी आणली, चुलीपुढं उपडी घातली आणि तिच्यावर उभी राहून स्वयंपाक करायला लागले. ती पेटी मोडली तेव्हा दुसरी आणली. का नको म्हणत होते? तुमच्या डोळ्यांसमोर रोज ते असावं म्हणून. आणि दुसरंही एक कारण आहे, ते आता सांगायला हरकत नाही. उभ्यानं रांधायचं मला आवडायला लागलं होतं. धूर डोळ्यांत जात नाही, कंबर भरून येत नाही, आणि पेटीवर उभं राहिलं की दारातून दुकान दिसतं, तुम्ही दिसता. पण हे कबूल केलं असतं तर भांडण संपलं असतं.

वर्षातून एकदोनदा ते निघायचंच. कमलच्या लग्नाच्या गडबडीतसुद्धा निघालं. कुणीतरी चुलीचं कौतुक केलं आणि मी म्हणाले, ही माझी नाही, अप्पांची, मी मेले तर उपाशी राहायला नको म्हणून करून घेतली. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुमचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते मला आज नीट आठवतंय, आणि त्याचा अर्थ लावत मी रोज बसते.

तुम्ही चुडाव्याला गेलात ते शेताचं बघायला. दुपारी वन्संनी वाढलं, तुम्ही पोटभर जेवलात, हात धुवायला म्हणून उठलात आणि छातीला हात लावून खाली बसलात. मी गाडीनं पोचेपर्यंत तुम्ही गेला होतात. आपल्याच शेतात, बांधाच्या बाभळीपाशी, तुम्हाला समाधीच्या खड्ड्यात मांडी घालून बसवलं. डाव्या तळहातावर तुमचं लिंग दिलं. भस्म लावलेले तुम्ही इतके शांत बसला होता की मला वाटलं, हे कोण? एका जागी एवढा वेळ बसलेलं मी तुम्हाला कधी बघितलंच नव्हतं. खड्डा केवढा खोल आहे, माती कुठली, काळी की चुनखडीची, हे तुम्ही नक्की वाकून बघितलं असतं. मीच बघितलं तुमच्या वतीनं. वर काळी, खाली चुनखडी.

परवा गिरजाकाकू येऊन बसल्या. त्यांना आता दिसत नाही फारसं, भिंत धरून येतात. त्यांच्याही मागं मी चौकशी लावली. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या, तू हैदराबादला असताना तुझ्या नवऱ्यानं काय सोंग केलं होतं ते ठावं आहे का तुला? त्यानं सांगू नका म्हणून शपथ घातली होती, आता तोच नाही तर कुणाला भ्यायचं.

काकू म्हणाल्या, एकदा त्या ताक द्यायला आल्या तर तुम्ही भरदुपारी बाजेवर उताणे पडलेले. पोटाला धोतर करकचून आवळून बांधलेलं. काकू घाबरल्या, काय झालं म्हणाल्या. तर तुम्ही म्हणालात, काकू, माझं पोट कापलंय असं समजा, आता पोटाला हिसका न देता मला उठायचंय. मग कुशीवर झालात, हाताचा टेका दिलात, जमेना. म्हणून दोर. मग उंबऱ्यापाशी गेलात आणि पाय उचलताना पोटावर कुठं ताण येतो ते चाचपून बघितलंत. रांजणापाशी वाकलात, चुलीपुढं बसलात, उठलात. जिथं जिथं पोट ओढलं तिथं तिथं कोळशानं खूण केलीत. काकूंना वाटलं, बायकोच्या काळजीनं अप्पांच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यांनी तुमच्यावरून मीठमोहऱ्यासुद्धा उतरून टाकल्या.

मी इतकी हसले की काकूही हसायला लागल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा हसले. दोर का आखूड, बाज का उंच, चूल का छातीशी, सगळं एकदम उलगडलं. पोट कापलेलं माणूस म्हणून तुम्ही स्वतःलाच घेतलं होतंत. माप घ्यायला मी घरात नव्हते, तर जे अंग हाताशी होतं ते लावलंत. आणि तो माणूस माझ्यापेक्षा हातभर उंच आहे हे तुमच्या ध्यानातच आलं नाही. इतका हुशार माणूस! मला वाटलं, संपलं भांडण. हरले मी. मनातल्या मनात तुमची माफीसुद्धा मागून टाकली.

पण काकूंचं सांगणं संपलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मग भाकरी शिकायला यायला लागला माझ्याकडं. रोज सकाळी. हात भाजून घ्यायचा, पण यायचा."

बघून बघून शिकलो, असं मला सांगितलं होतंत. ते मी परत आल्यावरचं असेल असं मी धरलं होतं.

मी काकूंचा हात धरला आणि सरळ विचारलं, "काकू, खरं सांगा. मी माघारी यीन असं वाटत होतं का त्यांना?"

काकूंनी माझा हात थोपटला. मग म्हणाल्या, "मी बी इचारलं होतं बाई. म्हणलं, अप्पा, ती यील की, तू कशाला भाकरी शिकायलास? तर म्हणला, काकू, आली तर तिला उभं ऱ्हाऊन करता यावं, आन् न्हाई आली तर लेकरं माझ्या हातचं खातील. काय व्हतंय ते मला ठावं न्हाई. म्हणून दोन्हीचं करून ठेवायलोय."

म्हणजे मी बरोबर होते, आणि चुकले पण होते. तुम्ही हो म्हणू शकत नव्हता आणि नाहीही म्हणू शकत नव्हता. म्हणून दुकानात गिऱ्हाईक यायचं. बायकोला बरं वाटावं म्हणून एवढंसं खोटं बोलायचं, त्यात काय मोठं होतं हो? कुणीही बोललं असतं. गुळाच्या तराजूत तुम्ही कधी बोट लावलं नाहीत ते समजू शकते, पण माझ्याशीही?

मग मी त्या घरात तुम्हाला बघायला लागले. मुलं चुडाव्याला, मी हैदराबादला, आणि तुम्ही एकटे, पोटाला धोतर बांधून. मला धीर द्यायला आई होती, भाऊ होता, डॉक्टरीणबाई होत्या. तुम्हाला धीर कोण देत होतं? मी येईन म्हणून दोर बांधायचा आणि मी येणार नाही म्हणून भाकरी थापायची, हे एकाच दिवशी, एकाच माणसानं. मला आजवर वाटायचं, ज्याला खात्री नसते त्याचं प्रेम कमी. काकू गेल्यावर मी पेटीवर बसून पोटभर रडले. तुमच्यासाठी नव्हे, खोटं कशाला सांगू. त्या एकट्या माणसासाठी रडले. त्याला मी इतकी वर्षं टोमणे मारले आणि त्यानं एकदाही म्हटलं नाही, की अगं, मी घाबरलो होतो.

शिवू परवा विचारत होता, आई, आता ओटा खाली घ्यायचा का, पेटीवरून पडशील. मी त्याला म्हटलं, माझं मी बघते. कसं बघणार ते मला माहीत नाही. सकाळी दुकानाच्या फळ्या कुणी काढायच्या, माल कुणाकडून भरायचा, घड्याळाला किल्ली किती द्यायची, वन्संना आता कुणी बघायचं. यातलं काही मी तुम्हाला कधी विचारून ठेवलं नाही. तुम्ही माझ्या दोन्ही वाटांची तयारी केली होतीत. मी तुमच्या एका वाटेचीही केली नाही.

कारण मला खात्री होती. जी मी तुमच्याकडं आयुष्यभर मागत राहिले ती माझ्याकडं काठोकाठ होती. तुम्ही चुडाव्याला निघालात त्या सकाळी मी भाकऱ्या करत होते. पिशवी खांद्याला लावून तुम्ही दारातून म्हणालात, "येतो गं." तुम्ही परत येणार हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं, की मी तव्यावरून नजरसुद्धा उचलली नाही.